चुंबकाच्या दारातला प्रश्न

३ जून

शहाणे,

आशीर्वाद शेवटी, कागद उरला तर. आधी कामाचं बोलते. फोनवर तू नुसतं हुं हुं करतेस. त्या हुंचा अर्थ मला आजवर लागला नाही. त्यात आमच्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीच्या रोलरनं माझे कान कधीच खाऊन टाकलेत. म्हणून लिहिते आहे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून लावून वाच.

बारक्याला इकडं पाठव. तो तुझा नवरा असेल, पण आधी माझा भाऊ आहे. त्याचं नाक मी पुसलंय. तेव्हा एवढं सांगायचा हक्क मला आहे.

त्याच्या मूत्रपिंडांचं दुखणं काही आजचं नाही. दर खेपेला रक्त तपासतात, वाईट वाढलं म्हणतात, गोळीचा रंग बदलतात. आत काय चाललंय ते कुणी डोळ्यांनी बघितलंय का? तुमच्या डॉक्टरनं पाठीतून सुई घालून तुकडा काढू म्हटलं, तर हा कारखान्यात जातो म्हणून निघाला तो आजतागायत तिकडं फिरकला नाही. यात मी त्याला बोल लावत नाही. ब्लडप्रेशर हे एवढं, सुईच्या भोकातून रक्त थांबलं नाही तर काय करणार?

आमच्याकडं एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी येतात. तिथल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंना मी गाठलं. आधी हाकललं. मग मी गठ्ठ्यावरच बसून राहिले, तेव्हा बोलल्या. म्हणाल्या, एमआरआय करू. सुई नको, काप नको. मोठं चुंबक असतं, नळकांड्यासारखं. त्यात माणसाला आडवं घालतात आणि मूत्रपिंडाचा आतून फोटो निघतो. पुष्कळांना शिरेतून औषध घालून काढतात, पण ते याच्या मूत्रपिंडांना सोसायचं नाही, म्हणून त्याच्याशिवाय काढणार. मांस किती जिवंत आहे आणि किती वाळून चामडं झालंय ते दिसतं. आपण चादर उजेडाला धरून बघतो ना, कुठं विरलीय, कुठं धागा टिकून आहे, तसं. पुरेसं जिवंत असलं तर एक कडक औषध आहे, ते सुरू करायचं. नसलं तर ते औषध म्हणजे फुकटचा जाच. मग रक्त धुवायच्या मशीनची तयारी.

तो नाही म्हणेल. नाही म्हणायला त्याला कारण कधी लागलंय? तू त्याची री ओढू नकोस. पदराला गाठ मारून नवरा टिकत नाही.

कागद उरला. आशीर्वाद.

अक्का

---

११ जून

ती. अक्कांना नमस्कार.

पत्र लावून वाचलं. अक्षराचं काही वाटलं नाही, तुम्ही समोर बसून बोलताय असंच वाटलं. पाठीत धपाटा तेवढा बसायचा राहिला.

पदराला गाठ मी मारलेली नाही. उलट तुम्हाला सांगायचं नाही असं हे म्हणाले होते, ते मी आता सांगते. सकाळी यांचे बूट पायात जात नाहीत. बूट आखडलेत म्हणतात आणि चपला घालून कामावर जातात. सबंध दिवस लेथपुढं उभं राहायचं, संध्याकाळी पोटरीत बोट रुतवलं की खड्डा तसाच राहतो. मी बोट रुतवते आणि हे म्हणतात, "झालं का तुझं माप घेऊन?" जेवणातलं मीठ मी बंद केलं, तर डब्यात शेजारच्या लेथवरच्या टर्नरकडून मागून खातात. तो टर्नरच मला सांगून गेला.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. आधी हसले. म्हणाले, "जन्मभर लोखंड कापलं, आता चुंबकाच्या पोटात जायचं? चोरानं चौकीत मुक्कामाला जाण्यातली गत." मग म्हणाले, "अक्कानं ठरवलंय ना, मग झालं. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा चुंबक बरं." तर पुढच्या आठवड्यात पाठवते. सोबत मी येऊ शकत नाही, सासूबाईंना अंथरुणावरून उठवायला माझ्याशिवाय कुणी नाही हे तुम्ही जाणताच. तुमची आई आहे, वेगळं काय सांगू.

एक विनंती आहे, रागावू नका. हे हळू बोलतात. काही विचारलं की पार मुळापासून सुरुवात करतात. पण त्यात कामाचं काहीतरी असतं, उशिरा येतं इतकंच. डॉक्टरांपुढं त्यांना बोलू द्या.

तुमची भावजय

---

२९ जून

शहाणे,

फोटो झाला. नीट झाला. काळजी करू नकोस.

काय तो आवाज. मी बाहेर बसले होते तरी ऐकू आला, मला, म्हणजे बघ. कुणी पत्र्यावर हातोडा मारतंय, मधेच ड्रिल चालवतंय. बारक्याला कापूस दिला होता कानात. बाहेर आल्यावर म्हणाला, "कारखान्यात सुट्टी घेऊन कारखान्यातच आलो." आतून एक बाई सांगत राहते, श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा, हलू नका. पोट हललं की मूत्रपिंड हलतं आणि फोटो पुसट येतो. त्यानं सगळं बरोबर केलं. मशीनवरची पोरगी म्हणाली, तुमच्यासारखा शिस्तीचा पेशंट नाही बघितला. लेथवरचा माणूस आहे म्हटलं, हात हलला तर बोट जातं, त्याला काय शिकवतेस.

डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितला. ठीक आहे म्हणाल्या. औषधाचं बघू म्हणाल्या. बाकी तो आल्यावर सांगेल.

तो लगेच येत नाही. त्याचा उजवा डोळा लाल झालाय. आतली हवा फार गार होती, लागली असेल. इथं डोळ्याचे डॉक्टर बघताहेत, मग आलोच आहोत तर नीट करून पाठवते. माझ्याकडंच आहे. जेवतो बरा. आईला सांग, पोरगा ठीक आहे.

तू इकडं यायचं काही कारण नाही.

अक्का

---

१७ जुलै

अक्का,

हे शनिवारी घरी आले. तुम्ही बसमध्ये बसवून दिलंत, पण इथं उतरताना यांना पायरी कळली नाही. गुडघा फोडून घेतला. डोळ्यावर पट्टी होती. डोळा लाल झालाय, गार हवा लागली, असं तुम्ही लिहिलं होतंत.

मी यांना इथल्या डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तुमच्याकडचे कागद वाचले आणि माझ्याकडं असं बघितलं की माझी खात्री झाली, मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. उजव्या डोळ्यानं यांना आता दिसत नाही. दिसणारही नाही. डोळ्याच्या आत, खोल, लोखंडाचा बारीक कण होता. किती वर्षं होता कोण जाणे. त्याच्याभोवती कातडी धरली होती, काही त्रास नव्हता, बसला होता बापडा. माणूस चुंबकातून आत-बाहेर होताना तो कण फिरला आणि आतून डोळा कापत गेला.

मी हॉस्पिटलवर अर्ज लिहायला बसले. त्या मशीनवरच्या मुलीविरुद्ध. लोखंडात काम करणारा माणूस, त्याला एवढंही विचारू नये? दहावी शिकले आहे, अर्ज मला लिहिता येतो. तर यांनी कागद ओढून घेतला. म्हणाले, तिचा दोष नाही, तिनं विचारलं होतं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

यांनी आधी पाणी मागितलं, पाणी दिलं. मोजून देते मी पाणी, तरी त्या दिवशी भांडं भरून दिलं. मग मेस्त्रीची गोष्ट काढली. यांच्या कारखान्यात डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला की कुणी डॉक्टरकडं जात नाही, मेस्त्रीकडं जातात. मेस्त्री पापणी उलटी करतो आणि काडीला कापूस गुंडाळून कण काढतो. नाहीच निघाला तर जुन्या स्पीकरमधलं चुंबक डोळ्यापुढं फिरवतो. मग चहा पाजतो आणि परत कामाला लावतो. आठवड्यातून कुणाचं ना कुणाचं होतंच. त्याला तिथं कुणी इजा म्हणत नाही, शिंकेसारखं धरतात. यांचंही कितीदा झालं. एकदा मेस्त्री म्हणाला होता, निघाला असेल, दिसत नाहीये. दोन दिवस खुपलं, मग थांबलं.

मी म्हटलं, हेच त्या मुलीला का नाही सांगितलंत? तेव्हा म्हणाले, "सांगत होतो. अक्काला घाई होती."

एवढंच बोलले. यापुढं विचारू नकोस म्हणाले.

आणखी एक. औषधाचं बघू म्हणाल्या असं तुमच्या पत्रात होतं. यांची पिशवी मी दोनदा उपसली. डोळ्याचे थेंब आहेत, गोळ्या जुन्याच आहेत. ते कडक औषध कुठं आहे, अक्का?

भावजय

---

२४ जुलै

शहाणे,

होय. मीच बोलले.

सकाळपासून ताटकळत बसलो होतो. लॉन्ड्रीतून मी अर्ध्या दिवसाचीच सुट्टी काढली होती. शेवटी ती पोरगी आली आणि दारातच विचारायला लागली. छातीत बॅटरी बसवलीय का, हाडात सळी, अंगात गोळी, कानात मशीन, दातात काय. बारक्याला प्रत्येकावर गोष्ट सुचत होती. सळीवरून वडिलांच्या मोडलेल्या पायावर गेला. दातावरून शाळेत. ती पोरगी बिचारी ऐकत होती, माझाच जीव वरखाली होत होता. मग तिनं विचारलं, डोळ्यात कधी लोखंडाचा, धातूचा कण गेला होता का? हा म्हणाला, "तसं म्हटलं तर आमच्याकडं एक मेस्त्री आहे..."

मी म्हटलं, "अहो बाई, मेस्त्री गेला खड्ड्यात. त्याच्या डोळ्याला काही झालेलं नाही, अजून चष्मासुद्धा नाही. घ्या त्याला आत."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघून हसला, मान हलवली आणि उठला. असं झालं. हो म्हटलं असतं तर आधी डोळ्याचा साधा एक्स-रे काढतात आणि कण दिसला तर माणसाला चुंबकाच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत. हे मला नंतर कळलं. त्या पोरीच्या साहेबाला मी जाऊन सांगून आलेय की बाई विचारत होती, मी मधे तोंड घातलं. तेव्हा तिच्यावर अर्ज करू नकोस. करायचा तर माझ्यावर कर, पत्ता आहे तुझ्याकडं.

मला वाईट वाटतं की नाही ते विचारू नकोस. ते लिहून तुला काय मिळणार आणि त्याला काय मिळणार.

आता दुसरं. हे वाचताना बसून घे.

फोटो मी बघितला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवला. दोन लहानशा राखाडी शेंगा. चांगल्या मूत्रपिंडात बाहेरची कड आणि आतला भाग वेगवेगळा उठून दिसतो म्हणाल्या, दुसऱ्या कुणाचा फोटो लावून दाखवलं. याच्यात सगळं एकसारखं, कड नाही, काही नाही. आतलं पाणी कसं हलतं तेही ते मशीन बघतं, वाळलेल्या मांसात ते अडून राहतं. याच्यात जिकडंतिकडं अडलेलं. जिवंत म्हणावं असं फार थोडं उरलंय. ते औषध देऊन उपयोग नाही. हाताच्या दोन शिरा जोडून घ्या म्हणाल्या, आत्ताच, कारण त्या फुगून मशीनच्या सुईजोग्या व्हायला महिने लागतात. ऐन वेळी धावपळ झाली तर मानेत नळी घालावी लागते, त्यात जंतू शिरतात.

बारक्या तेव्हा डोळ्याला हात धरून बसला होता. नुकता दुखायला लागला होता डोळा. मला म्हणाला, तिला कळवू नकोस, घरी गेल्यावर मीच सांगतो. मी ऐकलं. जन्मात एकदा त्याचं ऐकलं ते नेमकं हे. त्यानं सांगितलं नाही, म्हणून आता मी सांगते.

मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, सगळ्या दे. पण त्याचा हात करून घे. या आठवड्यात ने.

अक्का

---

२ ऑगस्ट

अक्का,

पत्र मिळालं.

हे हात करून घ्यायला तयार नाहीत. कारखान्यानं घरी बसवलंय. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, हात लेथच्या फिरत्या चकात जाईल, असं साहेब म्हणाले. ते खोटं नाही. परवा यांनी कपात चहा ओतला तो कपाच्या शेजारी. सासूबाई हसल्या, त्यांना कळलं नाही, हेही हसले. मग परसात जाऊन बसले. म्हणतात, काम गेलं, आता मशीनला जुंपून कुणासाठी जगायचं. मी समोर उभी असताना म्हणतात.

यापुढं पत्र पाठवू नका. या घरातलं जे बोलायचं ते तुमचं बोलून झालेलं आहे.

---

५ फेब्रुवारी

अक्का,

पत्र पाठवू नका असं मीच लिहिलं होतं आणि मीच लिहिते आहे. काय म्हणायचं ते म्हणा.

नोव्हेंबरात यांना आडवं झोपता येईना. उशीवर उशी रचून बसायचे. एके सकाळी ओठ निळे पडले. छातीत पाणी भरलं होतं. हात तयार नव्हता. मानेत नळी घातली. तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं सगळं. जंतू शिरले, ताप चढला, नळी काढली, दुसऱ्या बाजूनं घातली. पुन्हा ताप. मग हृदयावर ताण आला म्हणाले. आता दिवसाआड नेते. मशीनवर घातलं की ब्लडप्रेशर पडतं, पाय आखडून येतात, दातांत रुमाल धरतात. घरी आणलं की भिंतीकडं तोंड करून पडतात. दुसरा दिवस जरा बरा जातो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवायचंही विचारलं, तर हे हृदय ते ऑपरेशन झेपवणार नाही म्हणाले. तुम्ही द्यायला तयार झाला असता हे मला माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला कळवलं नव्हतं. तुमचं काही आमच्या घरात यायला नको होतं मला.

आता हे म्हणतात, पुरे. डॉक्टरांनाही म्हणाले. डॉक्टर भला माणूस आहे. येत्या बुधवारी सगळ्यांनी बसू म्हणाले, मी त्यांना शांतपणे विचारतो, चालू ठेवायचं की थांबायचं. थांबलं तर किती, असं मी विचारलं. म्हणाले, फार नाही.

अक्का, तुम्ही या. या आणि ओरडा यांच्यावर. माझं ऐकत नाहीत. मी रडते आणि हे माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. तुमच्यापुढं यांचं आजवर काही चाललेलं नाही. डॉक्टर विचारतील तेव्हा यांच्या आधी तुम्ही बोला. हो, चालू ठेवायचं म्हणा. तुम्हाला जमतं ते.

मी तुमच्या पाया पडते.

तुमची भावजय

---

८ फेब्रुवारी

शहाणे,

येते. मंगळवारी संध्याकाळी पोचते. लॉन्ड्रीत सांगितलंय, ठेवा नाहीतर काढा.

आत्ताच सांगून ठेवते, ओरडणार नाही. मी ओरडले तर तो हो म्हणेल. माझ्याकडं बघून हसेल, मान हलवेल आणि उठून त्या मशीनवर जाऊन पडेल. तुला वाटतं मला ते कळत नाही? तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं.

पाया पडू नकोस. तुझी माझ्यापाशी काही उसनवारी नाही.

मी आल्यावर आईला मी उठवीन, मी धुवीन. तू त्याच्याजवळ बस.

अक्का

---

२१ मार्च

शहाणे,

पोचले. आई कशी आहे? तिच्या पाठीला तेल लाव, कुशीवर वळवत जा. बारक्या गेला हे तिला सांगितलंस का, की अजून कारखान्यातच गेलाय म्हणतेस? सांग बाई. ती विचारत नाही म्हणजे तिला कळलंय.

मी तुझ्याकडं होते तेव्हा तू मला तेच तेच विचारत होतीस, त्या बुधवारी ते काय म्हणाले. मी सांगितलं नाही. तू चिडलीस. म्हणालीस, बोलायचं तेव्हा गप्प बसलात आणि आताही गप्प. मला ते तोंडानं सांगता येईना. बोलायला लागले की माझ्या तोंडून माझंच निघतं, त्याचं राहून जातं. म्हणून लिहिते. कालपासून आठवून आठवून लिहिते आहे. तो बोलला तसंच लिहिते, तो बोलला त्या चालीनं.

डॉक्टरनं विचारलं आणि तू उठून बाहेर गेलीस. दार लोटलंस. तो दाराकडं बघत राहिला. डॉक्टर थांबला. मी थांबले. माझ्या जिभेला भाजल्यासारखं होत होतं, पण थांबले.

मग तो म्हणाला, "डॉक्टर, मी टर्नर. आमच्याकडं एक जॉब येतो, समजा शाफ्ट, लोखंडी दांडा. त्याचं माप दिलेलं असतं. आम्ही घासत घासत मापावर आणतो. जास्त कापलं की संपलं. लोखंड उतरवता येतं, परत चढवता येत नाही. नवीन पोरं घाबरतात, मशीन चालूच ठेवतात, साहेबाला वाटावं काम चाललंय. मेस्त्री येऊन बटण बंद करतो. म्हणतो, पोरा, आता नुसता कीस पडतोय."

एवढं म्हणायला त्याला किती दम लागला तुला माहीत आहे. मधे मधे श्वास घेत होता. डॉक्टरला वाटलं संपलं, तो पेन उघडायला लागला. बारक्यानं बोट वर केलं.

"माझा जॉब मापाच्या खाली गेलाय. चुंबकातल्या फोटोत तेव्हाच दिसलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला सरळ सांगितलं होतं, मी घरी सांगितलं नाही. हात करून घेतला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तो माझा हट्ट. अक्काच्या नावावर लोक सगळं खपवतात, हे तिचं नव्हे."

मी काही बोलले नाही. इथंही काही लिहीत नाही.

"बायको बाहेर गेलीय, कारण मी काय म्हणणार ते तिला ठाऊक आहे. तिला सांगा, मी तिला टाकून जात नाहीये. त्या मशीनच्या खुर्चीतून उठतोय. तिनं मला ओढून ओढून इथवर आणलं, दोन वेळा जिवंत केलं. तिला म्हणावं, आता एखादा दिवस मला घरी बसू दे, मीठ घालून काहीतरी खाऊ दे."

तू त्या दिवसापासून त्याला मीठ दिलंस. का मागतोय ते न विचारता दिलंस. बरं केलंस.

मग डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "तुम्ही थोरल्या बहीण. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "त्याचं संपलंय का ते त्याला विचारा."

डॉक्टरनं विचारलं. तो म्हणाला, "नाही. अजून आहे." खिडकीकडं बघत होता, ज्या डोळ्यानं दिसायचं त्या डोळ्यानं. मग म्हणाला, "मला भीती वाटते. श्वास कोंडेल त्याची वाटते. हे हिला सांगू नका." डॉक्टर म्हणाला, श्वास कोंडू देणार नाही, त्याचं औषध देतो, घरी येऊन देतो. त्यानं शब्द पाळला, तू बघितलंस. बारक्या म्हणाला, "मग ठीक. आता अक्काला चहा पाजा. एवढा वेळ गप्प बसायची तिला सवय नाही, तिलाच काहीतरी होईल."

डॉक्टर हसला. मीही हसले. तू बाहेरून ऐकलंस आणि तुला राग आला, आतमध्ये हसताहेत. ते हे होतं.

हिला सांगू नका म्हणाला ते मी लिहिलंय. मुद्दाम लिहिलंय. मागे एकदा त्याचं ऐकून तुझ्यापासून लपवलं, त्याचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलं. तुला सगळं कळलं पाहिजे, भीतीसुद्धा.

तू म्हणतेस, मी ऐन वेळी बाहेर गेले, त्यांना एकटं सोडलं, परत येऊन काय उपयोग झाला. तर ऐक. भीती वाटते म्हणाला तेव्हा त्यानं उजव्या हाताची मूठ आवळली होती. चादर मुठीत धरली होती. चहा येईपर्यंत तशीच होती, मी बघत होते. मग दार उघडलं आणि तू आलीस. त्याच्या पायाशी बसलीस, सवयीनं पोटरीत बोट रुतवलंस. तेव्हा मूठ सुटली.

तो उपयोग झाला.

अक्का